ताईचं स्थळ बंद

मंगळवार, संध्याकाळ. अंथुर्णे.

जिंकलो! बारामतीच्या वधू-वर केंद्रातून ताईची माहिती काढून टाकायला लावली. मामीनं ताईला न विचारता तिचा बायोडेटा तिथं दिला, अन् केंद्रवाल्यांनी तो नंबरासकट सगळ्या ग्रुपांवर फिरवला. ताई पोलीस भरतीसाठी घाम गाळतेय आणि कोणकोण फोन करून विचारतंय, रंग खरंच निमगोरा हाय का? शेवटी तिनं अनोळखी नंबर उचलणंच सोडलं.

निघालो सकाळी, पण वाटेत बैलांचा बाजार बघत बसलो. जाऊ दे. पोचलो तर केंद्रवाले तात्या आधी हसलेच. "माहिती आमच्याकडं आली की ती आमची झाली. तुझीबी देऊन ठिव, पोरगी बघू. काय करतोस?"

"हिंडतो," म्हटलं, आणि मोबाईल काढला. "तात्या, तुमची उंची किती? पगार? रंग काय लिहू, निमगोरा?"

"माझं कशाला रं?"

"ग्रुपवर टाकतो. माहिती माझ्याकडं आली की माझी."

बाकावरच्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. तात्या गोरेमोरे झाले. माझ्यासमोरच त्यांनी कॉम्प्युटरमधून ताईचं नाव काढलं आणि सगळ्या ग्रुपांवर लिहिलं, 'हे स्थळ बंद. फोन करू नये.' एवढं सोपं होतं? मग महिनाभर आम्ही गप्प का बसलो?

घरी सांगितलं तर ताई म्हणाली, "तात्या निमगोरे हायत का पण?" आणि पोट धरून हसली.

आत्ता तिचा फोन वाजला. नंबर अनोळखीच. तिनं उचलला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बोला, कोण?"