निळ्या ट्रकला ड्रायव्हर मिळाल्याची हकिकत

ती. अक्कास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वळत नाहीत, त्यामुळे आठापैकी पाच अंगांचाच धर, बाकीची तीन मनाने.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून भिंतीवरच्या पाली स्पष्ट दिसतात आणि त्यामुळे झोप लागत नाही, असं तू म्हणाली होतीस. त्याला उपाय एकच, निजताना चष्मा काढत जा. नवी कवळी बसली का? नसेल बसली तर घाई करू नकोस, तेवढेच चार दिवस तुझ्या सुनेला बरे. (रागावू नकोस, मी हसते आहे.) माझं म्हणशील तर उत्तम. इतकं उत्तम की शेजारीण काल विचारत होती, आजी, लॉटरी लागली का?

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणारच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही. शिवाय मी तिसरी पास झाले, त्याचा उपयोग मी कधी करायचा? कागद आमच्या बिल्टीबुकातले आहेत. मालाबरोबर जाते ती पावती म्हणजे बिल्टी, तिची मागची बाजू कोरीच असते. पुढच्या बाजूला 'माल नाजूक आहे, आपटू नये' असं छापलंय, ते माझ्याबद्दल समज. अक्षर आज जरा नाचतंय. त्याला म्हातारपण कारण नाही, खरं कारण शेवटी कळेल.

तर आमच्याकडे दोन ट्रक, हे तुला ठाऊकच आहे. पिवळा लेक स्वतः चालवतो आणि निळा गेली तीस वर्षं मामा चालवायचे. (ते कोणाचे मामा हे कोणालाच माहीत नाही. यार्डातला कुत्रासुद्धा त्यांना मामाच समजतो.) निळा म्हणजे ह्यांनी जायच्या आधी शेवटचा घेतलेला, रंगसुद्धा ह्यांनीच निवडलेला. पाच महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी मामा आले, किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाले, वहिनी, आज मला दोन रस्ते दिसले आणि मी दोन्हींच्या मधून आलो. आता बास. तेव्हापासून निळा उभा.

ड्रायव्हर मिळेल की, असं आम्हाला वाटलं. पेपरात जाहिरात दिली. तिघे आले. तिघांची वयं मिळून दोनशेच्या वर. त्यातल्या एकाला तर मामांनीच वाकून नमस्कार केला, कारण मामांना गाडी त्याने शिकवली होती. तरुण मुलं म्हणावीत तर आमच्या रस्त्यावर पैशाला पासरी. सकाळपासून मोटरसायकलला टेकून उभी असतात, ती मोटरसायकल तरी कधी चालवतात कोण जाणे. पण ट्रकचं नाव काढलं की सगळ्यांना घरी काम आठवतं. इकडे लेकाची कंबर गेलेली. डॉक्टरने सांगितलं, तासाच्या वर एका जागी बसायचं नाही. आता ट्रक काय उभ्याने चालवायचा? शेवटी त्याने एका सोमवारी जेवताना सांगून टाकलं, शुक्रवारी व्यापारी येतोय, निळा विकला.

मी हातातला घास ताटात ठेवला. निळा गेला की सगळा भार पिवळ्यावर, म्हणजे लेकाच्या कंबरेवर. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत ड्रायव्हर आणून देते. तो हसला. अक्का, ज्या बाईने सतरा लग्नं जमवली तिला तो हसला! (अठरावं मोडलं त्यात माझा दोष नव्हता. कोणाचा होता ते तुला माहीत आहे, तूच मुलाकडच्यांना मुलीचं खरं वय सांगितलंस.)

लग्नाला मुलगा पाहतात तसाच ड्रायव्हर पाहायचा, असं मी ठरवलं. एकेकाला चहाला बोलावलं. शिंप्याचा मुलगा आला, नम्र, गोड बोलणारा. सगळं ऐकून घेतलं आणि विचारतो कसा, आजी, हे काम घरी बसून करता येतं का? मग तो व्यायामशाळेतला आला. दंड असे की दारातून तिरका आत आला. मला वाटलं, जमलं. तो ट्रकमध्ये चढला, स्टिअरिंग धरून आपले सतरा-अठरा फोटो काढले, उतरला, माझ्या पाया पडला आणि गेला तो गेलाच. फोटो छान आलेत म्हणतात. तिसऱ्याच्या जागी त्याची आई आली. त्याला ऊन बाधतं, म्हणाली. आणि जाताना हळूच म्हणाली, आजी, खरं सांगू का, ड्रायव्हरला मुलगी कोण देतं हो?

मी म्हटलं, माझ्या बापाने दिली होती. चपला घालून चालती झाली. (तूही त्या वेळी तोंड वाकडं केलं होतंस. 'टायरच्या वासात नांदणार' असं म्हणाली होतीस. मी विसरलेली नाही, पण आज तो विषय नको. तो खाली येईल.)

मी विचार केला, मुलं घाबरतात ती बाहेरून बघून, त्यांना आत बसवून दाखवलं पाहिजे. बुधवारी यार्डात गेले. ड्रायव्हरच्या सीटमागे निजायला फळी असते, तिच्यावर गादी घातली, पुढे फुलाफुलांचा पडदा लावला, आरशाला लोकरीचा गोंडा. (वर चढायला खाली स्टूल आणि मागून दोन हमाल लागले. दोघांनीही चेहरे गंभीर ठेवले, भले लोक.) दुपारी हमाल जेवायला गेले. गादी कितपत मऊ झालीय ते पाहावं म्हणून मी पडदा ओढून जरा आडवी झाले. माझं तुला माहीत आहे, मी आडवी झाले की संपलं.

जाग आली ती सगळं गदगदा हलायला लागलं तेव्हा. भूकंपच समज. पडद्याची कड बाजूला करून पाहते तो शेजारच्या सीटवर मामा, आणि ड्रायव्हरच्या सीटवर आमची भिंगरी! माझी नात गं, तुझ्या मांडीवर पाच मिनिटं टिकली नव्हती तीच. ट्रक रस्त्यावर, आणि ही पोरगी एका फडक्याने आरसा पुसते आहे. फडकं ओळखीचं वाटलं. उशीचा अभ्रा शिवायला मी तिला कापड दिलं होतं, तेच. चार महिने ही शिवणक्लासला जाते म्हणून सांगत होती. चार महिन्यांत घरात एक रुमाल शिवून आला नाही आणि आमच्यापैकी एकालाही शंका येऊ नये? पाच महिने उभ्या ट्रकच्या टायरखाली गवत उगवत नाही, ह्याचंही कोणाला नवल वाटलं नाही. हुशार घराणं आपलं.

मी हूं की चूं केलं नाही. म्हटलं बघू तरी. (ही आडवी रेघ मी मारलेली नाही, ती आपोआप आली.) मामा सांगत होते, आरशात बघ, मान वळवू नकोस, घाई मागच्याला असते, आपल्याला नसते. आणि पोरगी अशी शांत, जशी मी चपात्या लाटताना असते. एका मोटारवाल्याने खिडकीतून डोकं काढून आरडाओरडा केला, तर हिने त्याला हाताने आधी तुम्ही म्हणून वाट दिली. तो इतका गोंधळला की गेलाच नाही. अक्का, मी सतरा स्थळं शोधली आणि घरातलं स्थळ मला दिसलं नाही! सगळा वेळ मी मुलगेच बघत बसले होते. तेवढ्यात त्या नव्या गोंड्याची सुटलेली लोकर वाऱ्याने उडून नाकात गेली आणि मला शिंक आली.

मामांनी दोन्ही हात वर केले, कोणी बंदूक लावल्यासारखे. भिंगरीने मात्र आधी ट्रक कडेला घेतला, ब्रेक लावला, दिवे लावले, मग किंचाळली. तिथेच मी तिला पास केलं.

लायसन दाखवलं तिने, पंधरा दिवसांचं, कोरं करकरीत. दुपारी बाप पिवळा घेऊन गेला की ही मामांबरोबर हात बसवायला निळा काढायची. बाबांना सांगू नकोस, म्हणाली. का ते मला माहीत होतं. लेक एकदा म्हणाला होता, माझे वडील मला रविवारपुरते मिळाले, मी हिला तेवढाच मिळालो, आता हिने तरी घरात झोपावं. वाईट मनाने म्हणाला नव्हता. पण हिला विचारून म्हणाला नव्हता. मी शुक्रवारपर्यंत गप्प राहीन असा शब्द दिला. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, म्हणून दोन दिवस दाढ दुखतेय सांगून तोंडाला रुमाल बांधून बसले. सूनबाईने लवंगांचा मारा केला. अजून जीभ बधिर आहे.

शुक्रवारी व्यापारी आला. टायर लाथेने तपासले, बॉनेटवर थापा मारल्या, जसा काही आमचा ट्रक बैल आहे. किंमत ठरली, किल्ली घेतली आणि उभाच राहिला. लेक म्हणाला, न्या आता. तर तो डोकं खाजवत म्हणतो, तुमच्याकडे कोणी ड्रायव्हर आहे का हो? माझ्याकडे ट्रक अकरा आणि ड्रायव्हर चार.

बघ म्हणजे! लेकाने कंबरेच्या पट्ट्याला हात लावला. मामांनी हात जोडले. आमचं फाटक म्हणजे एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब, मधून ट्रक उलटा बाहेर काढायचा तर दोन्हीकडे वीतभर जागा. कोणी हलेना. मी रुमाल सोडला आणि म्हटलं, भिंगरे, चढ.

"आई, ही काय चेष्टा?" लेक म्हणाला.

"चेष्टा नाही, शिवणक्लास आहे," मी म्हटलं.

पोरगी आधी ओणवी होऊन ट्रकखाली बघून आली. तिथून एक मांजर निघालं, आळस देऊन गेलं. मग ती चढली, दोन्ही आरसे नीट केले आणि निळा असा मागे गेला जसं लोण्यातून सुरी. एकदा पुढे नाही, एकदा थांबणं नाही. हमालांनी टाळ्या वाजवल्या. लेकाचं तोंड उघडंच.

व्यापारी धावतच गेला. पोरी, सोमवारपासून माझ्याकडे ये, म्हणाला. पगार तू सांग, नवा एसीवाला ट्रक देतो.

लेक लाल झाला. "ट्रक घेतलात तेवढा पुरे. पोरगी विकायला काढलेली नाही."

"विकू नका हो, मी कामाला ठेवतोय. तुमच्याकडे तर तिला चालवायला ट्रकच उरला नाही."

लेक खांबापाशी जाऊन ती वीतभर जागा बघून आला. मग त्याने व्यापाऱ्यापुढे हात पसरला, किल्लीसाठी. शब्द दिला होतात, व्यापारी म्हणाला. तेव्हा माझा लेक काय म्हणाला ऐक: "शब्द ड्रायव्हर नसलेल्या ट्रकचा दिला होता. हा तो ट्रक नाही." (माझ्यावर गेलाय.) मग पोरीचं लायसन मागितलं, उलटसुलट वाचलं, आणि फोटो वाईट आलाय एवढंच बोलून तोंड फिरवून डोळे पुसले. अटी घातल्या. सहा महिने मामा शेजारी, अंधार पडायच्या आत मुक्काम, दर दोन तासांनी फोन. ती म्हणाली चार तासांनी. तीनवर तोड निघाली.

तर अशी ही आनंदाची बातमी. तुमच्याकडच्या मोठ्या माणसांना नमस्कार, म्हणजे तुलाच, तुझ्याहून मोठं आता कोण उरलंय. लहानांना पापा.

तुझी,
टायरच्या वासात सुखाने नांदलेली,
धाकटी

ता. क. खरं काम आता सांगते. पिवळ्याला अजून ड्रायव्हर नाही आणि माझ्या लेकाची कंबर तुला ठाऊक आहे. तुझा नातू तेवीस वर्षांचा, दिवसभर सोफ्यावर बसून मोबाईलवर ट्रक चालवण्याचाच खेळ खेळतो, अशी तूच तक्रार केली होतीस. जगातले सगळे घाट त्याने सोफ्यावरून उतरून झाले आहेत. त्याला मला दे. भिंगरी शिकवेल, मामा बघतील. माझ्या लग्नात तू तोंड वाकडं केलंस, ते ह्या एका गोष्टीत फिटलं असं मी लिहून देते. त्याची पिशवी भर.

ता. क. २. उत्तर टपालाने नको. पत्र घेऊन तुझ्या दारात उभी आहे तीच भिंगरी, तिला आधी पाणी दे. खाली निळा उभा आहे. अक्षर का नाचलं ते आता कळलं असेल. मधली रेघ स्पीडब्रेकरची.

ता. क. ३. मीही आले आहे. ट्रकमध्ये वरच, सीटवर बसले आहे. चढवायला यार्डात हमाल होते, उतरवायला इथे कोणी नाही. मामा म्हणतात उडी मारा, मी धरतो, पण त्यांना मी दोन दिसते आणि ते मधलीला धरायचे. मागे चारशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरलेल्या आहेत, पण त्या बिल्टीप्रमाणे मोजून बांधल्यात, एकही सोडायची नाही असं भिंगरी म्हणते. (बापावर गेलीय.) तेव्हा एक स्टूल पाठव. तू स्वतः आणू नकोस, नातवाच्याच हातात दे. स्टूल लावून तो मला हात द्यायला दारापर्यंत चढला, की मी आत सरकून त्याला स्टिअरिंगपुढे जागा करून देते. पुढचं माझ्यावर सोड, सतरा जमवली आहेत.