सातवा टेक

पुणे, ३ जून २०२५

ती. यमुआत्यास,
केयूरचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता तर मी शहाण्यासारखा बोललो असतो आणि तू 'बरी आहे' म्हणून ठेवून दिला असतास. म्हणून पत्र. सलाईन सुटलं, घरी आलीस, मऊ भात खातेस, एवढं मयुरावहिनींकडून कळलं.

सगळे म्हणतात, नवतपाच तो, मेअखेरचे नऊ आगीचे दिवस, ऊन लागलं. त्या नवतप्यात तुझ्या खोलीतला कूलर मी बंद करायला लावला, हे कोणी म्हणत नाही. मी पडलो फिरता रेकॉर्डिस्ट. स्टुडिओ नाही, ज्याचं गाणं त्याच्या घरी जाऊन घेतो. घरी कूलर घरघरतो, म्हणून आधी तोच बंद करतो. खिडक्याही लावल्या. तुझ्या सासूबाईंची हळदीची गाणी आता तुझ्याशिवाय कोणाला येत नाहीत, ती स्वच्छ उतरली पाहिजेत, असं मीच सगळ्यांना ऐकवत होतो. नागपुरातल्या महाल भागातली गल्ली, दर दोन मिनिटांनी हॉर्न. सहा टेक वाया गेले. दर वेळी तू पदराने कपाळ टिपून पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरुवात केलीस.

आता खरं लिहितो. सातव्या वेळी तुझा श्वास तुटतोय हे मला हेडफोनमध्ये साफ ऐकू येत होतं. शेजारी बसलेल्या वहिनींच्या आधी मला कळलं होतं. पण आवाज इतका सुंदर लागला होता की मी हाताने 'चालू ठेव' अशी खूण केली. शेवटचं गाणं संपलं आणि तू आडवी झालीस. डॉक्टरांना मी सांगितलं की अचानकच झालं. खोटं बोललो, आत्या. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

लोभ असू दे म्हणायला जीभ रेटत नाही.

तुझा अपराधी,
केयूर


महाल, नागपूर, ९ जून २०२५

चि. केयूरास यमुआत्याचे अनेक आशीर्वाद.

हात थरथरतो म्हणून मयुरा लिहीत आहे. तुझं पत्रही तिनेच वाचून दाखवलं, तेव्हा आता सगळ्या घराला माहीत झालं.

गाढवा, तुझी खूण मी पाहिली होती. थांबायचं असतं तर मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. सत्तरी उलटली तरी कौतुकाची हाव सुटत नाही. मयुरा पहिल्यापासून म्हणत होती की आई, काहून जिवाले त्रास देऊन राहिल्या, कूलर लावा. मीच तिला डोळे वटारून गप्प केलं. सारं पाप आपल्याच पदरात ओढू नकोस, थोडं मला राहू दे.

गळा ठीक आहे. अडचण निराळी आहे. परवा मामाचं गाणं म्हणायला घेतलं. त्यात नवरीचा मामा हळदीला उशिरा पोहोचतो आणि काय काय घरी विसरून आला त्याची बायका यादी करतात. ती यादीच आठवेना. बाकीच्या गाण्यांचंही तेच, दोन ओळी येतात आणि पुढे कोरं. डॉक्टर म्हणतात, ताप डोक्यात चढला होता. येईल हळूहळू, नाहीतर नाही येणार. सासूबाईंनी मोठ्या विश्वासाने दिलेलं सांडून बसले, याच विचारात दिवस जातो. मग मयुरानेच आठवण दिली की केयूरभाऊजींकडे सगळं आहेच. शेजारच्या खुशीची हळद दिवाळीनंतर आहे. ते रेकॉर्डिंग धाडून दे, मी माझ्याच आवाजाकडे शिकवणी लावते.

जेवत जा. आहे तो लोभ तसाच आहे.

यमुआत्या

ता. क. भाऊजी, आईंनी तुम्हाला माफ केलं. मी अजून नाही. रेकॉर्डिंग मात्र लवकर पाठवा.
मयुरा


पुणे, १४ जून २०२५

ती. यमुआत्यास,
शि. सा. न.

रेकॉर्डिंग नाही.

तू आत असताना दवाखान्याच्या बाकावर बसून मी सातही टेक पुसून टाकले. तुझ्या जिवावर बेतलेलं गाणं ठेवायचं नाही, असं ठरवलं आणि जरा हलकंही वाटलं. चांगलं काम बोलून दाखवू नये म्हणून मागच्या पत्रात लिहिलं नाही. तुला विचारावं हे सुचलंच नाही. गाणी तुमची आणि प्रायश्चित्त माझं उरकलं. रेकॉर्डरचं कार्ड इथल्या एका जाणकाराला दाखवलं. त्यावर नंतर दुसरं काम घेतलं गेलं, आता काही निघणार नाही म्हणाला.

मग वही घेऊन बसलो. सात वेळा ऐकलंय, निदान मामाची यादी तरी लिहून काढू म्हटलं. दोन दिवस बसलो. तुझा 'स'चा उच्चार माइकला कुठे टोचतो, कितव्या कडव्यानंतर तू आवंढा गिळलास, सगळं आठवतं. शब्द एकही आठवत नाही. इतका कान देऊन बसलो होतो, पण मामा काय विसरून आला ते मी ऐकलंच नव्हतं.

२२ तारखेच्या रविवारी येतोय. वहिनींनी दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन.

माया ठेवावी, असं कोणत्या तोंडाने लिहू?

केयूर