मयत पतीच्या सहीबाबत

प्रति,
मा. डॉ. स्पृहा नेवासकर,
अधीक्षक,
निवृत्त कर्मचारी व कुटुंब आरोग्य केंद्र,
स्नेहलतागंज, इंदूर (म. प्र.)

अर्जदार: श्रीमती धम्मदीना रत्नपाल ढोके, वय ५७, स्वेच्छानिवृत्त शिक्षिका, रा. अन्नपूर्णा मंदिरामागे, इंदूर.

विषय: पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी त्या जागी लावायचं हार्मोनचं मलम डॉक्टरांनी लिहून देण्याबाबत, आणि त्यासाठी मयत पतीची संमती मागू नये याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचं मला आलेलं पत्र, ज्यात माझं प्रकरण नस्तीबद्ध, म्हणजे फाइल बंद, केल्याचं कळवलं आहे.

महोदया,

अर्जात आधी स्वतःची ओळख द्यावी लागते. ती वर दिली आहे. आता एका आवाजाची ओळख देते, कारण माझ्या तक्रारीचं मूळ त्या आवाजात आहे.

मी महूच्या फौजी लाइनीत वाढले. आमच्या क्वार्टरच्या मागं पत्र्याच्या दाराची मोरी होती. आई मोरीत गेली की गायची:

माळव्याची काळी माती, पाय रुततो माझा गं,
हळू ये रे वाऱ्या दादा, पदर उडतो माझा गं.

'रुततो' या शब्दावर ती थांबायची. बाहेर आम्ही भावंडंही थांबायचो. आतून तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज यायचा, आणि बऱ्याच वेळानं, बारीक होऊन, 'माझा गं' यायचं. वडील हवालदार होते. ते शेजाऱ्यांना कौतुकानं सांगत, "आमची बाई मोरीतसुद्धा गाते." आईला जाऊन आता खूप वर्षं झाली. पन्नाशी उलटल्यावर मी माझ्या मोरीत भिंतीला हात टेकून उभी राहिले, तेव्हा मला कळलं की ती गात नव्हती. ती ओरडणं झाकत होती.

आता मुद्द्यानुसार निवेदन करते.

१. माझी पाळी गेल्यानंतर काही काळानं लघवीच्या व योनीच्या जागी आग, कोरडेपणा आणि चिरा पडल्यासारखी वेदना सुरू झाली. उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळतो आणि त्यावरून गुरं चालतात, तसं वाटतं. लघवी करताना तर वाटतंच, पण रिक्षात बसताना, पायऱ्या चढताना, साडीचा काठ लागतानाही वाटतं. शिवाय लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं. शाळेच्या शेवटच्या वर्षी मी सगळे तास उभ्यानं घेतले. मुलं म्हणायची, ढोके मॅडम फार शिस्तीच्या आहेत, खुर्चीला हातसुद्धा लावत नाहीत.

२. अन्नपूर्णेजवळच्या एका वयस्कर बाई डॉक्टरांनी मला तपासलं. त्या म्हणाल्या, "धम्मदीना, घाबरू नका. पाळी जाते तेव्हा शरीरातलं एक हार्मोन कमी होतं, त्यानं ही कातडी पातळ पडते. ते हार्मोन थोडंसं, त्याच जागी लावायचं. अंगभर जात नाही म्हटलं तरी चालेल. कातडी सुधारली की इन्फेक्शनही कमी होईल." त्यांनी मलम लिहून दिलं. ते मी लावलं. महोदया, त्या दिवसांत मी बसले. जमिनीवर मांडी घालून बसले, मेथी निवडली, शेजारणीबरोबर कृष्णपुऱ्याला गेले आणि होळकरांच्या समाधीच्या छत्रीच्या दगडी पायरीवर टेकून शेंगदाणे खाल्ले. एवढंच मागणं आहे माझं, याहून मोठं काही नाही.

पुढं त्या डॉक्टरबाई मुलाकडं नागपूरला राहायला गेल्या. मलम संपलं. मेडिकलवाल्यानं जुनी चिठ्ठी उलटसुलट बघितली आणि परत दिली. "पर्चा पुराना है आंटीजी, नया लाओ." म्हणून मी आपल्या केंद्रात आले. माझे पती रत्नपाल यांच्या नोकरीमुळं मला इथं उपचाराचा हक्क आहे.

३. केंद्रात आधी खिडकीवर तक्रार नोंदवावी लागते. करोनापासून तिथं जाड प्लास्टिकचा पडदा लावला आहे, तो अजून निघालेला नाही. त्यामुळं पेशंटनं ओरडून सांगायचं, आणि खिडकीवरचे लिपिक श्री. कृष्णराव टेंबे यांनी ते आतल्या कंप्यूटरवाल्याला पुन्हा ओरडून सांगायचं, अशी पद्धत पडली आहे. मागं बाकांवर आमच्याच ओळखीपाळखीचे निवृत्त लोक बसलेले असतात. मी पहिल्यांदा म्हटलं, "खाली जळतं."

कृष्णरावांनी विचारलं, "खाली म्हणजे किधर ताई? इंदूर में नीचे तो खंडवा रोड भी है!"

बाक हसला. त्यांनी स्वतःच ठरवलं, "घुटना लिख दे रे." मला हाडांच्या डॉक्टरांकडं पाठवलं गेलं. त्यांनी गुडघ्याला बांधायचा पट्टा दिला. तो घरी आहे, नवाकोरा.

बायका या खिडकीवर काय सांगतात ते मी नंतर लक्ष देऊन ऐकलं. कुणी चक्कर सांगते, कुणी अशक्तपणा. फार धीराची असेल ती लघवीची जळजळ सांगते. त्यापलीकडचं त्या पडद्यातून ओरडता येत नाही. त्यामुळं आपल्या केंद्राच्या नोंदीत हा त्रास कुणालाच नाही.

४. मीही मग 'लघवीची जळजळ' हेच सांगायला शिकले. केंद्रातले डॉ. मानस यांनी दर वेळी मान वर न करता अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. एकदा हिंमत करून मी मलमाचं जुनं खोकं त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते दचकले. "अरे, हार्मोन? इस उमर में? कल को कैंसर हो गया तो मेरे को मत बोलना, आंटीजी." मी आधीच्या डॉक्टरांचं सांगणं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, तपासा तरी. ते म्हणाले, "देखो आंटीजी, उमर है. हर बात की दवाई नहीं होती." वाईट माणूस नाही तो. माझ्या मुलीहून लहान असेल. त्याला कुणी हे नीट शिकवलेलं नाही, आणि शिकायला तो माझ्याकडून लाजतो. मी फारच आग्रह धरला तेव्हा त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, 'हार्मोन: परिवार नियोजन कक्षाकडे.'

५. परिवार नियोजन कक्षातल्या सिस्टरनं मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. तिथल्या नियमानुसार कुठल्याही हार्मोनच्या औषधाआधी दोन कागद लागतात: गर्भ नसल्याची तपासणी आणि पतीची संमती. मी म्हटलं, "सिस्टर, मी सत्तावन्न वर्षांची आहे." त्या म्हणाल्या, "मेरे को दिख रहा है माताजी, कंप्यूटर को नहीं दिखता. कागज के बिना आगे ही नहीं बढ़ता."

मी तपासणी केली. त्याचा निकाल त्याच खिडकीवर मिळतो. कृष्णराव पडद्याआडून म्हणाले, "बधाई हो ताई, नेगेटिव है!" त्या दिवशी बाक फार वेळ हसला. रत्नपालांबरोबर नोकरी केलेले दोघे जण त्यात होते. घरी येईपर्यंत मी पदर डोक्यावरून काढला नाही, आणि मी कधी डोक्यावर पदर घेणारी बाई नव्हते.

६. राहिली पतीची संमती. माझे पती चार वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेले, ही गोष्ट आपल्याच केंद्रानं नोंदवलेली आहे. तरी मी मृत्यूचा दाखला जोडून रीतसर हिंदीत अर्ज केला. त्याचं उत्तर आलं ते संदर्भात नमूद केलं आहे. त्याचा अर्थ असा: 'पती मयत असल्यामुळे सदर औषधाची आवश्यकता दिसून येत नाही. प्रकरण नस्तीबद्ध.'

एरवी प्रत्येक कागद मोठ्यानं वाचणाऱ्या कृष्णरावांनी हे पत्र वाचलं नाही. घडी घालून पडद्याखालून सरकवलं आणि दुसरीकडं बघत राहिले.

महोदया, रत्नपाल गेले तेव्हा त्यांचे कपडे, बूट, रेडिओ मी वाटून टाकले. त्यांच्या सामानात माझं शरीरही धरलेलं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मलम नवऱ्यासाठी असतं, असा समज हे पत्र लिहिणाऱ्याचा झाला असावा. नवरा असलेल्या बाईलाही ते तिच्या स्वतःसाठीच लागतं. आणि एखादीला नवऱ्याजवळ जाण्यासाठी लागत असेल तर त्यातही लाजण्यासारखं काय आहे, हे मला समजत नाही. पण माझी आग नवऱ्याला विचारून लागलेली नाही, आणि तो गेला म्हणून विझलेलीही नाही.

७. गेल्या महिन्यात मला थंडी वाजून ताप भरला. मी भ्रमात बोलू लागले, तेव्हा शेजारणीनं मला एका खाजगी दवाखान्यात भरती केलं. इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं होतं. रिपोर्टमध्ये असं आलं की तोंडानं घ्यायच्या बहुतेक गोळ्या आता माझ्यातल्या जंतूंवर चालत नाहीत. इतक्या वेळा दिल्या गेल्या की ते जंतू त्यांना सरावले. तिथले डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होण्याचं कारण थांबवा, पुढच्या वेळी वाचवता येईलच असं नाही. मलमाचं विचारलं तर म्हणाले, ते तुमच्या केंद्रातूनच लिहून घ्या, आम्ही तापाचे डॉक्टर.

मुलगी संबोधी भोपाळहून आली. माझ्या उशाशी बसून रागानं म्हणाली, "आई, तू मला काही सांगितलं का नाहीस?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं की."

"काय सांगितलं होतंस?"

"चक्कर येते म्हणून."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडली. म्हणून हा अर्ज मी या वेळी मराठीत लिहीत आहे. इंदुरात सरकारी कागद हिंदीत चालतो हे मला माहीत आहे. पण हिंदीत मी शाळेची परिपत्रकं लिहिली, दुखणं कधी लिहिलं नाही. आपल्या दारावरच्या पाटीवरचं आडनाव वाचून धीर केला.

८. तरी विनंती अशी:

(अ) मला एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरनं प्रत्यक्ष तपासावं, आणि मलम योग्य ठरत असेल तर ते लिहून द्यावं. योग्य नसेल तर त्याचं वैद्यकीय कारण लेखी द्यावं. मला स्तनाचा कुठलाही आजार नाही, रक्तस्राव नाही. जे विचारायचं ते विचारावं, मी आता सगळं सांगते.

(ब) पाळी गेलेल्या बाईकडं गर्भाची तपासणी आणि कुठल्याही बाईकडं पतीची सही मागणं बंद करावं.

(क) खिडकीवरचा पडदा काढावा. तो निघत नसेल तर बायकांना तक्रार कागदावर लिहून देऊ द्यावी. लिहिता येत नसेल तिच्यासाठी आत एक बाई बसवावी.

(ड) इतकं करूनही नियमानं पतीची सही लागतच असेल, तर रत्नपालांच्या सह्या असलेले घरात सापडले तेवढे कागद सोबत जोडले आहेत. एक बँकेचा आहे. एक घरपट्टीचा आहे. एक संबोधीच्या पाचवीच्या प्रगतिपुस्तकाचा आहे, त्यावर त्यांनी 'गणितात लक्ष द्यावे' असं लिहून खाली सही केली आहे. यांतली जी सही चालेल ती घ्यावी. प्रगतिपुस्तक तेवढं परत मिळावं.

महोदया, मला जगायचं आहे. हे वाक्य अर्जात बसत नाही हे मला कळतं. पण याच्यासाठी वेगळा रकाना मला कुठं सापडला नाही.

उत्तराची उभ्यानं वाट बघणारी,

धम्मदीना रत्नपाल ढोके
इंदूर, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत: मलमाची जुनी चिठ्ठी, गर्भ नसल्याचा अहवाल, पतीच्या मृत्यूचा दाखला, खाजगी दवाखान्यातून घरी सोडल्याचा कागद व लघवीचा रिपोर्ट, वर (ड) मध्ये सांगितलेल्या सह्या.

आवक शेरा (खिडकीवरील लिपिकाकडून)

अर्ज आज घेतला. मराठीत आहे म्हणून परत करायला हवा होता, केला नाही. फाइलवर हिंदीत सार लिहिता यावं म्हणून पूरा वाचला. मुद्दा तीन आणि पाच यात माझ्याबद्दल लिहिलंय ते सही आहे. हसवलं ते मीच.

मॅडम, अजून एक नोंद करतो. ती माझ्या कामात येत नाही. माझी बायको यमुना मागच्या साली गेली, तेव्हा आपण घरी आल्या होत्या. मी आपल्याला आणि सगळ्या स्टाफला सांगितलं की अचानक झालं. अचानक नव्हतं. तिलाही हेच होतं, या ताईंना आहे तेच, आणि तापही तसाच चढला होता. तिनं परिवार नियोजन कक्षातून संमतीचा कागद आणून दोनदा माझ्या ताटाशेजारी ठेवला. मी म्हटलं, या उमरीत हे काय काढलं, हा कागद माझ्याच खिडकीवर येणार, लोक माझ्यावर हसतील.

मी जिवंत होतो. पेन खिशात होतं. सही केली नाही.

कृष्णराव टेंबे
आवक लिपिक