सारंगचा खोकला पुढे चालू ठेवणेबाबत

प्रति,
मा. श्री. सतीश खांबेटे,
अध्यक्ष, उत्तर डब्लिन मराठी परिवार मंडळ,
सँट्री.

विषय : आमचा बबल परस्पर मोडल्याबाबत तक्रार व एक विनंती.
संदर्भ : 'एक घर, एकच बबल' हे आपल्या सहीचे व्हॉट्सअ‍ॅप परिपत्रक.

महोदय,

१. मी मंडळाची सभासद आहे. पती आशिष देशाच्या दुसऱ्या टोकाला, ट्रलीच्या रुग्णालयात नोकरीस असून साथ संपेपर्यंत त्यांनी तिकडेच खोली घेतली आहे. सँट्रीच्या फ्लॅटमध्ये मी आणि आमचा सात वर्षांचा ओजस. शाळा नाताळपासून बंद आहे. ग्रँड कॅनाल डॉकचे माझे ऑफिस स्वयंपाकघराच्या ओट्यावर भरते आणि त्याची शाळा ओट्याखाली.

२. मुलासह एकटे राहणाऱ्यास नियमाने एका, आणि एकाच, घराशी बबल करता येतो, म्हणजे त्या घरी जा-ये ठेवता येते. मी समोरच्या इमारतीतल्या सौ. मुक्ता नाडकर्णी यांचे घर मागितले. सोयरीक मागतानाही माणूस इतके संकोचत नसेल. "अगं, विचारायचं काय त्यात? आपलं एकच घर," असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून दर शनिवारी त्यांचा सारंग आणि ओजस एकत्र खेळत. आठवड्यात ओजसला दुसरे मूल दिसे ते तेवढेच.

३. जानेवारीअखेरीस सारंगला खोकला असल्याचे कळवून सौ. मुक्ता यांनी भेटी थांबवल्या. ओजस रोज शुभंकरोति झाल्यावर सारंगसाठी वेगळा नमस्कार करू लागला. मी आल्याचा काढा थर्मासमध्ये भरून त्यांच्या दाराशी ठेवत असे. थर्मास रिकामा परत येई. तो काढा कोण पीत होते, याचा उलगडा मंडळाने करावा.

४. काल माघी गणेश जयंतीची आरती आपण आपल्या घरून झूमवर चालवलीत. आपल्या गणपतीमागे आपली कन्या चि. ईशा उभी होती आणि तिच्या शेजारी सारंग, खणखणीत आवाजात आरती म्हणत. ईशाच्या हातातल्या झांजा ओजसच्या, नाडकर्ण्यांकडे खेळायला नेलेल्या. एकीचा गोंडा तुटला म्हणून मी त्याच्या बुटाची हिरवी नाडी बांधली होती, त्यामुळे ओळखण्यात चूक नाही. सौ. मुक्ता आपल्या सोफ्यावर होत्या. मला पाहताच त्या चौकटीबाहेर सरकल्या.

५. महोदय, परिपत्रक आपले, सही आपली, सोफाही आपलाच. आपल्या घरी दोन मोठी माणसे आहेत, म्हणजे आपल्याला बबल मुळात मिळतच नव्हता. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोठे मागावी हे मंडळाच्या घटनेत नाही, म्हणून आपल्याविरुद्धची तक्रार आपल्याकडेच देत आहे. आणि सौ. मुक्ता यांनी तर केसाने गळा कापला. ओजस दांडगट आहे, आमच्याकडे बाग नाही, खांबेट्यांकडे आहे, असे त्या तोंडावर म्हणाल्या असत्या तर मला वाईट वाटले असते, पण मी ऐकून घेतले असते. स्वतःच्या धडधाकट मुलाला आजारी पाडले, ते मला सोसत नाही. काल मी बाथरूमचा नळ सोडून रडले. हे अर्जात लिहिण्याची पद्धत नाही, तरी लिहीत आहे.

६. परंतु अर्जाचे खरे कारण पुढेच आहे. आरती ओजसनेही पाहिली. त्याला ना ईशा दिसली, ना झांजा. तो उड्या मारत म्हणाला, "आई, लुक, ही'ज ग्रँड! ही कॅन कम सॅटरडे, सो." सारंग 'ग्रँड', म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत, झाला हा स्वतःच्या नमस्काराचा गुण, असे त्याने ठरवले आहे. शनिवारसाठी त्याने बूट आत्ताच दाराशी मांडून ठेवलेत. त्यातल्या एकाला नाडी नाही.

७. सबब विनंती की, बबल आपण ठेवावा, झांजाही ठेवाव्यात. फक्त शुक्रवारपर्यंत सौ. मुक्ता यांनी स्वतः ओजसला फोन करून सारंगचा खोकला उलटल्याचे सांगावे. मी कालपासून सांगू पाहते आहे. त्याच्या तोंडाकडे बघून मला ते खोटे बोलता येत नाही. त्यांना येते.

आपली, अद्याप सभासद आणि अद्याप नम्र,
मेधा आशिष वाळिंबे
सँट्री, १६ फेब्रुवारी २०२१

सोबत : (१) आपले परिपत्रक. (२) कालच्या आरतीचा स्क्रीनशॉट. (३) सारंगला लवकर बरे वाटावे म्हणून ओजसने काढलेला गणपती, मूळ प्रत. सारंग बरा आहे, तरी पोचवावा.