व्हिक्टरसाहेब आणि आईचं माहेरचं नाव

आवडी, चेन्नई
मार्गळी महिन्यातला पहिला रविवार, डिसेंबर २००७

तीर्थरूप पुरुषोत्तममामांच्या चरणी भाचा वादिराज याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

तुमची तब्येत, विशेषतः डावा कान, कशी आहे ते कळवा. (उजव्याची चौकशी करत नाही. तो पूर्वीपासूनच निवृत्त आहे.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आईचे गुडघे सोडले तर आईही ठीक आहे, आणि गेल्या आठवड्यापासून तर तिचे गुडघेसुद्धा आनंदात आहेत, त्याचं कारण पुढे येईलच. फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्ही मामीला विचाराल. मामा, परवा मी फोन केला तेव्हा तुम्ही मला "तू वादिराजच कशावरून?" असं विचारलंत आणि मी पुरावा गोळा करत असताना फोन ठेवून दिलात. म्हणून हे पत्र स्वहस्ते लिहितो आहे. माझं अक्षर तुम्ही ओळखता. लहानपणी त्याच अक्षरापायी तुम्ही माझा कान पिळला होता, तोही डावाच.

तर झालं असं. तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाला आई पुण्याला येणार, हे तुमच्या घरी आणि आमच्या घरी वर्षभर गाजतं आहे. तिने तुमचं घर अजून पाहिलेलं नाही. रेल्वेचा एवढा लांबचा प्रवास तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून विमान. मी दोघांची, तिची आणि माझी, तिकिटं 'सुखगमन डॉट कॉम'वरून काढली. हे खातं तुमच्याच साक्षीने उघडलेलं. गेल्या वर्षी तुम्ही इकडे आला होता, तेव्हा तुमचं परतीचं तिकीट काढायला आपण स्टेशनजवळच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये गेलो होतो आणि तुम्ही त्या पोराला पंखा वाढवायला लावून सगळ्यांचे कागद उडवले होते, ते खातं. तिकिटं निघाली आणि आईने सामानाची जमवाजमव सुरू केली. डांगराचं पीठ झालं, सांडगे झाले, तुमच्यासाठी फिल्टर कापीची पूड दळून झाली. खुर्चीत बसून पोटाला टॉवेल बांधून पट्ट्याचा सराव झाला. शेजारच्या अलमेलूमामी एकदा विमानात बसल्या आहेत, त्या रोज संध्याकाळी येऊन परीक्षा घेत होत्या. (विमान वर चढताना गोळी चघळायची असते, म्हणून पेपरमिंटची आख्खी बरणी घेऊन ठेवली आहे. निम्मी सरावातच संपली.)

आणि अशा सुखाच्या वेळी मला 'सुखगमन'कडून एक ई-मेल आली. तुमचं खातं बंद होण्याच्या बेतात आहे, तरी आपलं नाव, पासवर्ड आणि जन्मतारीख उलटटपाली कळवा. मामा, मी सरकारी फॅक्टरीतला माणूस. आयुष्यभर एकच शिकलो, वरून कागद आला की त्याला उत्तर गेलं पाहिजे, तेही वेळेत. वरील विषयास अनुसरून मी सविस्तर उत्तर लिहिलं, त्यांच्या पत्राचा संदर्भ दिला, मागितली ती माहिती दिली, शिवाय 'आणखी काही माहिती हवी असल्यास निःसंकोच कळवावे' असंही लिहिलं. आमच्या सेक्शनमध्ये मी मसुद्यासाठी प्रसिद्ध आहे. हा मसुदा तर इतका उतरला होता की मी हरिणीला वाचून दाखवला. ती शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे हे तुम्हाला माहीतच आहे. माझ्या पोरीने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "अप्पा, घराची किल्ली चोराला दिलीत ती दिलीत, वर आभारही मानलेत?"

दुसऱ्या दिवशी खातं उघडायला गेलो तर ते उघडेना. ई-मेलचाही पासवर्ड मी तोच ठेवलेला, म्हणजे तेही गेलं. तिकिटं त्या दोन्हींच्या आत. कागदावर छापून घेतली नव्हती, कारण ब्राउझिंग सेंटरच्या प्रिंटरची शाई त्या दिवशी संपली होती आणि मी म्हटलं, पळून जातात कुठे? विमान कंपनीला विचारलं तर ते म्हणाले, तिकीट ज्याच्याकडून काढलं त्याला विचारा. म्हणून मी 'सुखगमन'ला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकली. (बासरी चांगली होती. आईने मध्ये येऊन रागही ओळखला.) मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार मिस्टर व्हिक्टर."

मामा, खात्यावर आता व्हिक्टर नावाचा इसम होता. त्याने माझं नाव पुसलं, पत्ता पुसला, आणि दोन्ही तिकिटांवर जेवणाच्या जागी चिकन लिहिलं. आपल्या घरात कांदासुद्धा चातुर्मासाची रजा घेतो, आणि आईच्या तिकिटावर चिकन! मी मुलीला म्हटलं, बाई, मी व्हिक्टर नाही, मी वादिराज, हा व्हिक्टर चोर आहे. ती म्हणाली, झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, तुम्ही व्हिक्टर नसाल तर या खात्याची माहिती तुम्हाला देता येणार नाही. मी व्हिक्टर आहे असं म्हटलं असतं तर बहुधा लगेच दिली असती, पण माझ्या जिभेला वळण नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा मनुष्य म्हणाला, सोपं आहे, तुमच्या ई-मेलवर एक आकडा पाठवला आहे, तेवढा सांगा. तो आकडा अर्थातच व्हिक्टरसाहेबांकडे गेला. तिसऱ्या दिवशी कळलं, माझी तक्रार समाधानकारकरीत्या निकालात निघाली आहे. कशी काय, असं विचारलं, तर म्हणे ग्राहकाचा अभिप्राय आला, सेवा उत्तम, पाच तारे. व्हिक्टर माणूस वाईट, पण उत्तर वेळेत देणारा. आमच्या सेक्शनमध्ये असता तर बढती मिळाली असती.

घरात मात्र हवा बदलली होती. आईने टॉवेल बांधणं सोडलं. अलमेलूमामी आल्या तर आई झोपल्याचं सोंग करायची. एकदा सांडग्यांचा डबा हातात घेऊन बसली होती, मला म्हणाली, "पोस्टानं पाठव रे, अण्णाला मिळतील की. मी कुठं येतेय." तो डबा तिच्या हातातून घेताना मला फार वाईट वाटलं. दुसरी तिकिटं काढायची म्हटलं तर ती हट्टाला पेटली, जे आपलं आहे ते दोनदा का घ्यायचं? हा हट्ट तुमच्या घराण्यातला, यावर मी अधिक लिहीत नाही.

तेवढ्यात हरिणीने शोध लावला की 'सुखगमन'चे फोन घेणारे लोक तिच्याच ऑफिससमोरच्या काचेच्या इमारतीत बसतात आणि तिच्याच टपरीवर चहा पितात. मी रजा टाकली, आवडीहून लोकल, मग बस, मग दुसरी बस करत शोळिंगनल्लूर गाठलं. चकचकीत दार, गार हवा, आणि आत माणसाला भेटायची बंदी. स्वागतकक्षातल्या मुलीने मला भिंतीवरचा फोन दाखवला. म्हणजे इतका प्रवास करून मी पुन्हा तीच बासरी ऐकली. या खेपेला केविन नावाचा मनुष्य आला. मी म्हटलं, केविन, मी तुमच्या पायाखाली उभा आहे. तो तिसऱ्या मजल्यावर होता. त्याला खाली यायची परवानगी नाही, मला वर जायची नाही. पण हे ऐकून त्याचा आवाज बदलला, तोंडातलं विलायती इंग्रजी गळून पडलं आणि तो तमिळमध्ये म्हणाला, "सार, मी केविन नाही, मी मुरली, मन्नारगुडीचा." बिचाऱ्याने मन लावून सगळं ऐकलं. म्हणाला, एकच वाट आहे. खातं उघडताना एक गुप्त प्रश्न निवडला होता, व्हिक्टरला तो बदलता आलेला नाही. त्याचं उत्तर द्या, खातं तुमचं. प्रश्न होता, तुमच्या आईचं लग्नाआधीचं नाव काय?

मी हसलोच. मग घरी येऊन आईला विचारलं आणि माझं हसू मावळलं. साहेब लोकांच्या देशात लग्नात आडनाव बदलतं. आपल्यात आडनाव कोण लावतं, पण मुलीचं पाळण्यातलं नावच बदलतं. लग्नात माझ्या वडलांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'तुळजा' असं लिहिलं, आणि तेव्हापासून आई तुळजा. त्याआधीची कोण होती, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मामा, कुणीच विचारलं नव्हतं. आईच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी हातातलं पेन खाली ठेवलं. पाळण्यातलं नाव सकवार, आजीच्या आजीचं. शाळेत मास्तरांनी ते जुनाट म्हणून हजेरीत लिहिलं विद्युल्लता. ("विद्युल्लता! हजर!" असं ती उभं राहून मला ओरडून दाखवत होती. गुडघे धरून.) तिने शाळा सांगितली, तिथली चिंच सांगितली, कावेरीत बुडालेली पाटी सांगितली. मी मुरलीला रोज एक नाव कळवायचो आणि तो रोज म्हणायचा, चूक आहे सार. चुकीचं उत्तर गेलं की खातं दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. शेवटी आई म्हणाली, "असके, होते तेवढे नावं सांगून झाले की रे. अजून एक हाय. पण ते घरचं. अण्णा हाक मारायचा. ते तुझ्या कामाचं नव्हे." आणि लाजून आत गेली.

तेव्हा मला आठवलं. खातं उघडताना त्या प्रश्नापाशी मी अडलो होतो आणि तुम्ही "सरक" म्हणून मला बाजूला केलं होतं. एका बोटाने टाइप केलंत आणि दुसऱ्या हाताने पडदा झाकलात, कारण वर 'गुप्त' लिहिलं होतं. म्हणून तो फोन, मामा. आणि तुम्ही काय म्हणालात? असली उत्तरं फोनवर कुणालाही सांगू नयेत असं कंपनीनेच बजावलं आहे, तू वादिराजच कशावरून? या सगळ्या प्रकरणात कंपनीचा नियम पाळणारा एकच माणूस निघाला आणि तो माझा मामा!

मी चरफडत हे आईला सांगितलं. वाटलं, रडेल. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की अलमेलूमामी भिंतीपलीकडून विचारू लागल्या काय झालं. "अय्यो, अण्णानं अजून सांगितलं नाही?" असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तेवढ्यात मुरलीचा फोन आला. (तो आता स्वतःहून करतो, आई त्याला जेवण काय झालं ते विचारते म्हणून.) त्याने सवयीने गैरसोयीबद्दल क्षमा मागितली. आई म्हणाली, "कण्णा, बाळा, रोज क्षमा मागतोस, तू काय केलंस रे?" मग मला कढीपत्ता आणायला पाठवलं, हरिणीला गच्चीवर पाठवलं, आणि दार लावून घेतलं. मी कढीपत्ता घेऊन दाराशी उभा. आतून आधी कुजबुज, मग दोघांचं हसणं ऐकू आलं. दार उघडून आई म्हणाली, "उघडलं तुझं खातं. कापी ठेव."

तर मामा, आम्ही येतो आहोत. तिकिटं छापून आणली, तीन प्रती काढल्या. व्हिक्टरसाहेब गेले. टॉवेलचा सराव पुन्हा सुरू आहे. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा, आणि खरोखरचा,
वादिराज

ता. क. : खातं परत मिळालं, पण जेवणाच्या जागचं चिकन निघत नाही. त्याचा विभाग वेगळा आहे म्हणे. आई दहीभाताचा डबा घेऊन चढणार आहे आणि शेजारच्याला आपलं ताट देणार आहे. तिला वाटतं शेजारी व्हिक्टरच बसेल.

ता. क. दुसरा : मुरलीने सांगितलं, सुरक्षेसाठी नवा गुप्त प्रश्न ठेवा. ब्राउझिंग सेंटरमध्ये आईने मला "सरक" म्हटलं, मुरलीच्या मदतीने एका बोटाने उत्तर टाइप केलं आणि दुसऱ्या हाताने पडदा झाकला. तिचं परतीचं तिकीट त्याच खात्यातून काढायचं आहे. उत्तर काय ठेवलंस, असं विचारलं तर म्हणते, घाई काय हाय? तेव्हा मामींना सांगा, पाहुणी किती दिवस राहील हे मला ठाऊक नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे एवढ्याचसाठी हे पत्र : ते नाव मन्नारगुडीच्या मुरलीला कळलं, मला नाही. तुम्ही सांगणार नाही हे मी जाणतो आणि आता विचारतही नाही. फक्त विमानतळावर जरूर या. आई दारातून बाहेर येताना दिसली की तिला तुळजा म्हणू नका. ती हाक मारा, मोठ्याने. इतक्या वर्षांत तिला त्या नावाने कुणी बोलावलेलं नाही. मी सामानाची गाडी ढकलत मागेच असेन, कान उघडे ठेवून.