इसहाकभाईंच्या गाडीतले दोष

नागाव, बुधवार

प्रिय फिरोजा,

काल फोनवर तू म्हणालीस, ‘मृणे, गाडीत तुला काय काय दोष दिसले ते एकदा कागदावर लिहून दे. उझैर मस्कतहून रोज विचारतो, गाडी अजून का जात नाही, आणि मला त्यातलं धड एकही सांगता येत नाही.’ मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ झोपाळ्यावर नुसती बसून राहिले. आज पर्यटकांना भाड्याने द्यायच्या दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत, पाहुणे नाहीत. नीराबाई कोळंबी देऊन गेली, तीही सोलून झाली. म्हणजे आता न लिहायला कारण उरलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण माझ्या अंगठ्याखाली एका अक्षराची तीन होतात. आणि फोनवर तू मधेच बोलतेस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, तेवढा एक फायदा मला आज हवा आहे.

उझैरसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. गणपतीत तू मोदक खायला आलीस आणि तिसऱ्या मोदकावर सांगितलंस की तुम्ही दोघं आता कायमचे मस्कतला राहायला जाणार. तुझ्या सुनेला, लाइबाला जानेवारीत बाळ होणार, इसहाकभाईंचा काचबिंदू वाढत चाललाय, मुलाने, उझैरने, व्हिसा तयार ठेवलाय. अडलंय ते फक्त गाडीचं. इसहाकभाईंनी सांगून टाकलं होतं, ‘गाडी चांगल्या माणसाच्या हातात गेल्याबिगर मी हलनार न्हाय. रेवदंड्याच्या खाऱ्या वाऱ्यात ती उभी ठेवून जायचं म्हंजे बैल खुंट्याला बांधून गावाला जायचं.’ म्हणजे गाडी गेली की तुम्ही गेलात. मी चौथा मोदक तुझ्या पानात वाढला, त्यावर तूप जरा जास्तच ओतलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मग मीच बघते की गाडी. पाहुण्यांना रेवसच्या धक्क्यावरून आणायला मला हवीच आहे.’ तुला केवढा आनंद झाला! तूप ओघळत होतं तरी तू मला मिठी मारलीस.

तोपर्यंत मला टर्बो म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. गाडीच्या मागच्या काचेवर लिहायचं काहीतरी, एवढंच वाटायचं. पण आपण शाळेत सिस्टर क्लॅरिसच्या हाताखालून गेलेल्या मुली. अभ्यासाशिवाय परीक्षेला बसायचं नाही. मी शंभर पानी वही आणली, समास आखला, आणि रोज दुपारी एका पोरसवद्या मेकॅनिकचे व्हिडिओ बघायला लागले. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा भरणारा छोटा पंखा, हे तिथेच कळलं. तो म्हणतो, जुनी टर्बो पेट्रोल गाडी बघायला जायचं तर न सांगता, सकाळी लवकर जा. मालक आधीच इंजिन गरम करून ठेवतो, कारण खरे आजार थंड इंजिन सुरू करतानाच कळतात. तेव्हा पोहोचताच बोनेटवर हात ठेवून बघा.

म्हणून मी त्या पहिल्या रविवारी सहाची रिक्षा करून तुझ्या दारात उभी राहिले. तू घाबरून विचारलंस, ‘कोण गेलं?’ मी तुला उत्तर न देता सरळ गाडीकडे गेले आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा बोनेटवर हात ठेवला. गरम! फिरोजा, आता हसू येतं, पण त्या क्षणी मी तुझ्या नवऱ्याला लबाड ठरवून मोकळी झाले होते. एकतीस वर्षं मस्कतच्या गोदीत इंजिनं जोडणारा माणूस, एका विधवेला फसवतो! मग तू चहा आणलास आणि सांगितलंस की डोळ्यांनी साथ सोडल्यापासून ते गाडी चालवत नाहीत, पण पहाटेचा नमाज झाला की रोज दहा मिनिटं इंजिन सुरू करून आत बसतात. नुसतं ऐकत. मी वहीत लिहिलं, ‘दोष पहिला: बोनेट गरम.’ खोडायला हवं होतं. खोडलं नाही.

दुसऱ्या रविवारी चौलचा जीवन मेकॅनिक बरोबर आणला. त्याने ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, नाकाशी धरली, मग माझ्या नाकाशी धरली. पेट्रोलचा वास. पातळीही खुणेच्या वर. मला मनातून इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पदराने नाक झाकलं. पण जीवन म्हणाला, ‘काकू, इंजिनला काय न्हाय झालेलं. काकांनी लाडानं बिघडवलंय. रोज दहा मिनटं चालू करतात नि जाग्यावरच बंद करतात. मग पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल बदला नि एकदा लांब पळवा तिला.’ इसहाकभाई ओशाळून उभे होते, शाळेत प्रगतिपुस्तक दाखवताना आपण उभ्या राहायचो तसे.

म्हणून तो तिसरा रविवार आला. उझैरला हे नाही सांगितलंस तरी चालेल, पण गेल्या दहा वर्षांत मला इतका सुंदर दिवस मिळाला नव्हता. नवं ऑइल घातलेली गाडी मी चालवत होते, शेजारी इसहाकभाई, मागे तू आणि तुझी सांदणांची पिशवी. साळावचा पूल, कोर्लई, काशीदचा चढ. इसहाकभाई डोळे मिटून बसले होते आणि मला इंजिनाचं मन वाचून दाखवत होते. ‘आता गिअर खाली घ्या ताई, दम लागलाय तिला. हां. आता बघा, टर्बोनं श्वास घेतला.’ मला काहीच ऐकू येत नव्हतं, पण त्यांनी म्हटलं की दुसऱ्या क्षणी गाडी खरंच अशी सुटायची की तू मागून ‘अल्ला!’ म्हणायचीस. मुरूडला पोहोचल्यावर तो त्यांचा नेहमीचा नियम. गाडी थांबली तरी इंजिन एक मिनिट चालू ठेवायचं, टर्बो निवू द्यायचा, तोवर कोणी उतरायचं नाही. तुला आठवतं, सुरुवातीला तू या मिनिटावरून किती चिडायचीस? बाजारातून येताना मासळीचा बर्फ वितळायचा आणि हे आपले मांडीवर हात ठेवून शांत. त्या दिवशी मात्र तिघंही शांत बसलो. मला वाटत होतं, ते मिनिट त्यांनी जरा लांबवावं.

घरी आल्यावर तू आशेने विचारलंस, ‘मग? पसंत?’ आणि मी म्हटलं, ‘धूर बघायचा राहिलाय.’

धुराचा रविवार तू विसरणं शक्य नाही. निळा धूर आला तर टर्बोमधून ऑइल जळतंय, पांढरा गोडसर वासाचा धूर थांबेचना तर कूलंट, म्हणजे इंजिन निववणारं पाणी, जळतंय. कोणताच येईना. मग मी शाळेत भरलेला तो लेसचा पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. काळा झाला. मी विजयाने जीवनला दाखवला, तर तो म्हणाला, ‘काकू, पेट्रोलची गाडी हाय. तिच्यातनं काय अत्तर येनार?’ त्याच्या पुढच्या रविवारी मी गंज बघायला गाडीखाली शिरले. शिरले खरी, पण निघता येईना. जीवनने एक पाय धरला, तू दुसरा, आणि इसहाकभाई, ज्यांना धड दिसत नव्हतं, ते विचारत राहिले, ‘काय सापडलं? काय सापडलं?’ तू हसता हसता खाली बसलीस आणि म्हणालीस, ‘मृणाल सापडली!’ त्या रात्री कंबर इतकी दुखत होती, तरी मी अंथरुणात एकटीच हसत होते.

पाच रविवारांनंतर मला पुढे रेटता येईना. ‘एवढी मोठी गाडी मला झेपायची नाही’ म्हणून मी अंग काढून घेतलं. पण तूच म्हणालीस, ‘आता तुला सगळं कळतं, गिऱ्हाईक येईल तेव्हा तू हवीस.’ आणि मी आले. उझैरने विचारलं तर सांग, पेणच्या हेतलबेन आणि त्यांचे मिस्टर गाडी घेऊनच जायला आले होते. बरोबर लिंबू-मिरची आणली होती. तू आत सरबत करत होतीस तेव्हा मी त्यांच्याजवळ सरकून, एखाद्याचा रक्तदाब सांगावा तशा आवाजात म्हटलं, ‘टर्बो मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो, माहीत आहे ना?’ खोटं नव्हतं ते. सगळ्याच टर्बोंचं तसं असतं. पण हेतलबेनने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने लिंबाकडे बघितलं, आणि ते तुझं सरबत पिऊन, तुला दुवा देऊन, लिंबू-मिरचीसकट परत गेले. तू म्हणालीस, ‘चांगली माणसं होती, का गेली असतील?’ मी म्हटलं, ‘पेट्रोल परवडणार नाही त्यांना.’

तुला कदाचित आत्तापर्यंत काही कळलं असेल. तुला नेहमीच माझ्या आधी कळतं. गणिताच्या पेपरात माझं उत्तर चुकलंय हे तू माझा चेहरा बघून ओळखायचीस. तरी माझ्याच तोंडून ऐक. या नागावात मला काकू म्हणतात, मॅडम म्हणतात, पाहुण्यांची मुलं आजी म्हणतात. स्वप्निल पुण्याहून फोन करतो तेव्हा ‘आई, गोळ्या घेतल्यास का’ म्हणतो. मला ‘मृणे’ म्हणणारं माणूस आता जगात एकच आहे आणि ते रेवदंड्याला राहतं, रिक्षाने वीस मिनिटांवर.

म्हणून गेल्या रविवारी ते झालं. डॉक्टर आरोही आल्या, त्या गुरांच्या डॉक्टर. रोह्याच्या आतल्या गावांत म्हशी तपासायला जायचं म्हणून त्यांना उंच गाडी हवी होती. गाडीभोवती फिरताना त्यांनी तिच्या मागच्या बाजूला थाप मारली तेव्हाच इसहाकभाई खूश झाले. त्या पहाटे इसहाकभाईंनी मुद्दाम इंजिन सुरू केलं नव्हतं, ते रात्रभर थंड होतं. त्यांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला, इंजिनावर ठेवला, आणि चावी फिरवायला सांगितलं. मग नळ्या इसहाकभाईंच्या कानांत दिल्या. त्यांचा तो चेहरा तू पाहिलास ना? आरोही म्हणाल्या, ‘मला आवडली.’ इसहाकभाई म्हणाले, ‘आता मी जायला मोकळा.’ आणि मी म्हटलं, ‘सुरू होताना इंजिनातली साखळी वाजली ना? पहिले तीन सेकंद. टायमिंग चेन सैल आहे.’ तीन महिन्यांत मी अशी तज्ज्ञ झाले होते की माझ्यावर अविश्वास कोण दाखवणार! आरोही म्हणाल्या, विचार करून कळवते. इसहाकभाई बोनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, ‘मला न्हाय आलं ऐकू.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘तुमी म्हनता, तर असेल.’

फिरोजा, साखळी वाजली नव्हती. काहीही वाजलं नव्हतं. काल तू फोन ठेवता ठेवता सहज म्हणालीस, की इसहाकभाईंनी उझैरला सांगितलंय, तिकडे डोळ्यांबरोबर कानाचाही डॉक्टर बघून ठेव. आणि रविवारपासून ते पहाटे गाडीत जाऊन बसत नाहीत, म्हणतात, ऐकायला येत नाही तर बसून काय करू. डोळे गेलेल्या माणसाचे कान मी काढून घेतले, तुला चार रविवार जास्त ठेवून घेण्यासाठी. म्हणून हे पत्र. दोषांची यादी हवी होती ना, ती ही: गाडीत एकही नाही. हा कागद वाचून झाला की आधी त्यांच्याजवळ बस आणि सांग, त्यांनी जे ऐकलं तेच खरं होतं. माझ्यातर्फे माफी नंतर माग, आधी त्यांचे कान परत कर. आरोहींना मी आज सकाळी फोन करून सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, तर हसल्या. म्हणाल्या, ‘काकू, मीही ऐकलं होतं, काही नव्हतं. जनावर विकायला काढलं की घरातलं एखादं माणूस त्याला असाच आजार लावतं. मी त्या माणसाला कधी खोटं पाडत नाही, थोडे दिवस थांबते.’ त्या शनिवारी सकाळी येतील, गाडी घेऊन जायला. तिकिटं काढून ठेव, लाइबासाठी मी डिंकाचे लाडू करून नीराबाईबरोबर पाठवते. शनिवारी मी मात्र येणार नाही. आले तर मला पुन्हा काहीतरी ऐकू येईल.

तुझीच, आणि तुला मस्कतला जाऊ देणारी,
मृणाल