छोट्या राऊटरने राखलेला कारखाना

मी, वय वर्षे बहात्तर, धंद्यात ‘वहिनी मिस्त्री’ म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपण आणायचा प्रयत्न एकदा भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, केला होता. त्याचा खुलासा दुसऱ्या कलमात आहे.

१. राहते घर मुलाला. त्याला खिळा ठोकता येत नाही, पण घरपट्टी वेळेवर भरतो. दार कुरकुरले तर बहिणीला बोलवावे, लाजू नये.

२. सुतारकामाचा कारखाना जागेसह मुलीला. आमचे हे गेले तेव्हा कारखान्यात निम्मा हिस्सा भावजींचा होता आणि शाळेच्या चाळीस खिडक्या करायच्या होत्या. भावजी म्हणाले, “वीस तुम्ही करा, वीस मी. ज्याचं काम शाळा परत पाठवेल, त्यानं हिस्सा सोडायचा.” तसे कागदावर लिहूनही घेतले.

चौकटींना खाचा पाडायला राऊटर, म्हणजे लाकूड कोरायचे विजेचे यंत्र, हवा होता. ह्यांची मोटारसायकल विकून आलेल्या पैशांत एक तर मोठा राऊटर आला असता, नाहीतर छोटा राऊटर आणि त्याला लावायची उत्तम बिटे, म्हणजे कापणारी पाती. भावजींनी आपल्या पैशांनी मोठा घेतला आणि बिटे मिळतील ती स्वस्तातली. मी दुकानात छोटा चालू करून हातात धरला, थरथरतो का पाहिले, मोटरीतले झिजणारे कार्बन बदलायला सहज मिळतात का विचारले. दुकानदार म्हणाला, “घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा.” त्याला मी काहीही ठेवलेले नाही.

छोटाच घेतला आणि उरलेले सगळे पैसे दोन बिटांवर घातले. जुन्या दाराचे टेबल केले, त्याला भोक पाडून राऊटर खालून उलटा बसवला आणि प्रत्येक खाच एका दमात न पाडता तीन फेऱ्यांत पाडली. भावजींच्या बिटांनी लाकूड कापले कमी, जाळले जास्त. त्यांच्या वीसच्या वीस चौकटी काळ्या कडांसकट परत आल्या. माझी एकही नाही. लिहिल्याप्रमाणे भावजींनी हिस्सा सोडला. मला इतका आनंद झाला, की गिऱ्हाईक समोर नसते तर नाचले असते.

३. छोटा राऊटर मुलीलाच. अट : हात आखडायचाच झाला तर यंत्रात आखडावा, बिटांत नाही. बिट बदलताना आधी प्लग काढावा.

४. भावजींचा मोठा राऊटर पुढे मीच भंगारवाल्याकडून सोडवला. चांगली बिटे लावल्यावर बारा वर्षे बिनतक्रार चालला. यंत्र बिचारे निर्दोष होते. तोही मुलीला.

५. कारखाना पुतण्यालाच, म्हणजे भावजींच्या मुलालाच, मिळायला हवा, वहिनींना आता काही कळत नाही, मी कोर्टात जाईन, असे भावजी चारचौघांत सांगत असतात. वकीलबाई म्हणाल्या, ज्याने साक्षीदार म्हणून सही केली, त्याला ‘लिहिणारी भ्रमिष्ट होती’ असे मागाहून म्हणणे जड जाते. म्हणून पहिले साक्षीदार भावजीच. मसुदा वाचून त्यांनी विचारले, “हे सगळं लिहायलाच हवं होतं का, वहिनी?”

मी म्हटले, “खोटं असेल तर सही करू नका.”

त्यांनी पेन मागितले.

ठिकाण : कारखाना, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : चौदा मार्च

लिहून देणार : वहिनी मिस्त्री (सही)
साक्षीदार १ : धाकटे दीर (सही). मजकूर खरा आहे. वहिनी पूर्ण शुद्धीत आहेत, पहिल्यापासूनच.
साक्षीदार २ : वकीलबाई (सही)